वाट कोणी सोडायची? दिल्लीची ट्राम आणि चौकातली टक्कर

मुंबईत दादर पूर्वेला खोदादाद सर्कलच्या परिसराला आजही ‘दादर टी.टी.’ म्हणतात. टॅक्सीवाला म्हणतो, बसचा कंडक्टर म्हणतो, भाजीवालीही म्हणते. टी.टी. म्हणजे ट्राम टर्मिनस. तिथली शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री गेली. वस्तू गेली, नाव उरले. दिल्लीत मात्र ट्रामची अशी बोलकी खूण माझ्या पाहण्यात नाही. हौज़ क़ाज़ीच्या चौकात उभे राहिले की चावडी बाज़ार, लाल कुआँ, सीताराम बाज़ार आणि अजमेरी गेट या चारही अंगांनी माणसे, ई-रिक्षा, कागदाची बंडले लादलेल्या हातगाड्या आणि स्कूटर येऊन एकमेकांत अडकतात. याच चौकाखाली सुमारे पंचवीस मीटर खोल चावडी बाज़ार मेट्रो स्थानक आहे. वरच्या गर्दीला खालच्या गाडीची चाहूल लागत नाही आणि खालच्या गाडीला वरच्या गर्दीची. शंभर वर्षांपूर्वी मात्र रुळांवरची गाडी या गर्दीतूनच, त्याच पातळीवरून, घंटा वाजवत जात असे.

गाडी रस्त्याच्या पातळीवरून पंचवीस मीटर खाली कशी गेली, हा या लेखाचा विषय आहे. एका शहरात रुळांवरची गाडी आणि रस्त्यावरची वाहने चौकात एकमेकांना भिडतात, तेव्हा बाजूला कोणी व्हायचे याचा निर्णय कोण घेते? अपघाताच्या बातमीत हा प्रश्न सहसा येत नाही. तिथे चूक कोणाची एवढेच विचारले जाते. पण चौकाचे नियम, रुळांची जागा, रस्त्याची रुंदी आणि कायद्याची भाषा हे सगळे टक्कर होण्याच्या खूप आधी ठरलेले असते.

*

दिल्लीत विजेची ट्राम १९०८ मध्ये सुरू झाली. तेव्हा ही राजधानी नव्हती. राजधानी कलकत्त्याहून इथे हलवण्याची घोषणा डिसेंबर १९११ च्या दरबारात व्हायची होती. १९०१ च्या जनगणनेत दिल्लीची वस्ती सुमारे चार लाख होती. ट्रामने जामा मशीद, चाँदनी चौक, चावडी बाज़ार, लाल कुआँ आणि फ़तेहपुरी हे शहराच्या तटाआतले भाग तटाबाहेरच्या सब्ज़ी मंडी, सदर बाज़ार आणि पहाडगंजशी जोडले. १९२१ च्या सुमारास, म्हणजे तिच्या भरभराटीच्या काळात, चोवीस उघड्या गाड्या आणि पंधरा किलोमीटर रूळ होते. मुंबई-कलकत्त्याच्या मानाने हा पसारा लहानच. पण बाजारात जाणाऱ्या-येणाऱ्या दिल्लीकराला तो पुरेसा होता. दिल्लीतल्या मराठी मंडळींनाही हा नकाशा परका वाटू नये. नोकरीनिमित्त उत्तरेत आलेल्या मराठी कुटुंबांनी पुढे ज्या पहाडगंजात आपले समाजमंदिर आणि शाळा उभी केली, ते पहाडगंज ट्रामच्या वाटेवरच होते.

ज्या रस्त्यांवर हे रूळ पडले ते रस्ते गाड्यांसाठी आखलेले नव्हते. चाँदनी चौक शाहजहानची मुलगी जहाँआरा हिने सतराव्या शतकाच्या मध्याला वसवला, तेव्हा त्याच्या मधोमध पाण्याचा कालवा होता. पुढे कालवा झाकला गेला, त्यावर मधली पायवाट आली, दोन्ही बाजूंना झाडे होती. विसाव्या शतकाच्या आरंभी ती पायवाट काढली गेली, पिंपळ तुटले. अहमद अली यांच्या ‘ट्वायलाइट इन दिल्ली’ या १९४० च्या इंग्रजी कादंबरीत या तोडीचा विषाद आहे. कादंबरीतल्या म्हाताऱ्या मीर निहालसाठी ती गोष्ट एका शहराच्या अंताची असते. वाहतुकीच्या इतिहासकाराने तिच्याकडे आणखी एका नजरेने पाहायला हवे. रस्त्याचा मध्य तोवर थांबण्याची, सावलीत टेकण्याची जागा होता. आता तो जाण्यायेण्याची जागा झाला. चाँदनी चौकात आधी माणसे चौकात येत, नंतर चौकातून जाऊ लागली.

तेव्हा ट्रामसमोर मोटारी फार नव्हत्या. समोर येत ते टांगे, एक्के, बैलगाड्या, हमालांच्या हातगाड्या, पालख्या, आणि या सगळ्यांतून वाट काढणारी पायी माणसे. यांतल्या प्रत्येकाची थांबण्याची रीत निराळी. घोडा घंटेने बिचकतो, बैल बिचकत नाही पण हलतही नाही. हमाल ओझ्याखाली असल्यामुळे मागे वळून पाहू शकत नाही. या सगळ्यांत एक गोष्ट समान होती: सगळ्यांना थोडे डावीकडे-उजवीकडे सरकता येत होते. जुन्या बाजाराच्या गल्लीतली वाहतूक या सरकण्यावरच चालते. कोणी कायदा वाचलेला नसतो. समोरच्याच्या खांद्यावरून, चाकाच्या कलावरून अंदाज घेऊन जो तो वीतभर बाजूला होतो. या व्यवहारात १९०८ साली असा एक भागीदार आला, ज्याला वीतभरही बाजूला होता येत नव्हते.

*

ट्रामची अडचण समजायला थोडे यंत्रशास्त्र लागते. पोलादी चाक पोलादी रुळावर फिरते तेव्हा घर्षण फार कमी असते. हाच या वाहनाचा मोठा गुण. थोड्या शक्तीत पुष्कळ माणसे ओढता येतात, म्हणून तर मुंबईत १८७४ मध्ये दोन घोड्यांना भरलेला डबा ओढता आला. पण जे घर्षण ओढताना नको असते तेच थांबताना हवे असते. आजच्या काळातली ताशी तीस किलोमीटरने जाणारी मोटार करकचून ब्रेक दाबला तर पाचेक मीटरमध्ये उभी राहते. त्याच वेगातली ट्राम प्रवाशांना न पाडता थांबवायची तर तीस मीटरच्या आसपास लागतात. रुळाला चिकटणारे चुंबकी ब्रेक लावून, उभ्या प्रवाशांच्या धडपडण्याची पर्वा न करता थांबवली, तरी साधारण पंधरा मीटर. यात माणसाला धोका ओळखून हात हलवायला लागणारा वेळ धरलेला नाही. पाऊस पडून रूळ ओले झाले, त्यावर पाने किंवा तेलकट चिखल साचला, की हे अंतर आणखी वाढते. म्हणून ट्राममध्ये वाळूची पेटी असते; चाकाखाली वाळू सोडली की पकड येते.

आणि दुसरी गोष्ट, बगल देण्याची. मोटारवाला ब्रेक लावता लावता सुकाणू फिरवतो. ट्रामच्या मोटरमनपुढे सुकाणूच नसते. त्याच्या हाताशी वेग कमीजास्त करण्याची मूठ, ब्रेक आणि पायाखाली घंटा. समोर कोणी आले तर तो घंटा वाजवू शकतो, वाळू सोडू शकतो, ब्रेक लावू शकतो, आणि मग पाहत राहू शकतो. ट्रामच्या पुढच्या बाजूला खाली लाकडी किंवा लोखंडी जाळी बसवत, ती यासाठीच: टक्कर टळणार नसेल तर निदान माणूस चाकाखाली जाऊ नये.

हे लक्षात घेतले की ‘ट्रामने मोटारीला धडक दिली’ या वाक्याचे व्याकरण थोडे संशयास्पद वाटू लागते. ट्राम उद्या कुठून जाईल हे आज रस्त्यावर लोखंडात लिहिलेले असते. तिच्याइतके निश्चित वाहन रस्त्यावर दुसरे नाही. तरीही वाक्याचा कर्ता तीच होते, कारण ती मोठी आहे आणि कारण तिला थांबता आले नाही. पण याची दुसरी बाजूही खरी आहे. जे वाहन बाजूला होऊ शकत नाही ते गर्दीच्या रस्त्यावर आणणे हा एक निर्णय आहे. त्याची जबाबदारी हमालावर टाकून चालत नाही.

*

कायद्याने ही जबाबदारी कशी वाटली, ते पाहण्यासारखे आहे. ब्रिटनच्या १८७० च्या ट्रामवे कायद्याने दोन मूलभूत अटी घातल्या. रूळ रस्त्याच्या पृष्ठभागाशी समतल हवेत, म्हणजे इतर गाड्यांना त्यावरून जाता येईल. आणि रुळांमधला भाग व दोन्ही बाजूंची अठरा-अठरा इंचांची पट्टी कंपनीने स्वखर्चाने दुरुस्त ठेवायची. हिंदुस्थानातला १८८६ चा ट्रामवे कायदा त्याच परंपरेतला. समतल रुळाच्या अटीत ट्रामच्या पुढच्या सगळ्या इतिहासाचे बीज आहे. रेल्वेला स्वतःची जमीन मिळाली, कुंपण मिळाले, फाटक मिळाले. ट्रामला यातले काहीच मिळाले नाही. तिला रस्ता मिळाला तो सर्वांबरोबर वाटून घेण्याच्या अटीवर. शिवाय कंपनीने राखलेली ती गुळगुळीत पट्टी पुढे मोटारवाल्यांना फार आवडू लागली. ज्या रस्त्याची डागडुजी ट्रामच्या तिकिटातून होत होती, त्यावर उभे राहून मोटार तिला भोंगा देऊ लागली.

१९३९ चा मोटार वाहन कायदा आला तेव्हा त्याच्या परिशिष्टात ट्रामसाठी एक खास नियम होता. एरवी पुढच्या वाहनाला उजवीकडूनच ओलांडायचे. पण ट्रामला मात्र दोन्हीपैकी कोणत्याही बाजूने ओलांडून जाण्याची मुभा. अट एवढीच की रस्त्यावरच्या इतरांना, विशेषतः ट्राममध्ये चढणाऱ्या-उतरणाऱ्यांना, धोका किंवा अडचण होता कामा नये. वरवर पाहता हा नियम समंजस आहे. पण त्यातून उभे राहणारे चित्र पाहा. ट्राम रस्त्याच्या मध्यावर थांबते, प्रवासी उतरून फुटपाथकडे चालू लागतो, आणि त्याच्या व फुटपाथच्या मधून मोटार कायदेशीरपणे जाऊ शकते. ‘अडचण होणार नाही अशा बेताने’ या शब्दांवर त्या प्रवाशाचा जीव अवलंबून. मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत, आजच्या १९८८ च्या कायद्यातही, ठरावीक रुळांवर चालणारे वाहन ‘मोटार वाहन’ या संज्ञेतून वगळलेले आहे. रस्ता एकच असला तरी त्यावरच्या दोन वाहनांना दोन वेगवेगळे कायदे लागू होतात.

*

ट्रामच्या धडकेचा भारतीय साहित्याला सर्वांत जास्त ठाऊक असलेला प्रसंग मात्र मोटारीचा नाही, पायी माणसाचा आहे. १४ ऑक्टोबर १९५४ रोजी कलकत्त्यात रासबिहारी अव्हेन्यूवर, देशप्रिय पार्कजवळ रस्ता ओलांडताना बंगाली कवी जीवनानंद दास यांना ट्रामची धडक बसली. आठ दिवसांनी, २२ ऑक्टोबरला, ते रुग्णालयात वारले. वय पंचावन्न. या मृत्यूभोवती पुढे कितीतरी तर्क झाले. ट्रामचा वेग कमी, तिची घंटा मोठी, तिची वाट ठरलेली. मग माणूस तिच्याखाली येतोच कसा, असे लोक विचारत राहिले. बार्सिलोनात जून १९२६ मध्ये वास्तुकार गाउदी यांनाही ट्रामची धडक बसली आणि तीन दिवसांनी ते गेले. त्यांच्या साध्या कपड्यांमुळे त्यांना प्रथम कोणी ओळखले नाही. दोन्ही ठिकाणी लोकांनी कारण शोधले ते माणसाच्या मनात: तो तंद्रीत होता, तो खिन्न होता, तो म्हातारा होता. चालताना तंद्री लागण्याइतका निवांतपणा रस्त्यावर असावा की नाही, हा प्रश्न कोणी रस्त्याला विचारला नाही.

त्याच रासबिहारी अव्हेन्यूवर ट्रामला पूर्वी स्वतःची राखीव पट्टी होती, रस्त्याच्या मधोमध गवताळ. नंतर कलकत्त्यातल्या अशा पट्ट्या काँक्रीट घालून मोटारींना खुल्या केल्या गेल्या. मग मोटारी रुळांवर आल्या, ट्राम मोटारींत अडकली, दुचाक्या ओल्या रुळांवरून घसरू लागल्या आणि तक्रार झाली की ट्राम वाहतुकीला अडथळा आणते. सप्टेंबर २०२४ मध्ये पश्चिम बंगाल सरकारने एस्प्लनेड-मैदान एवढा हौशी मार्ग वगळता ट्राम बंद करण्याचा मनोदय जाहीर केला. कारण सांगितले ते कोंडीचेच. आधी कुंपण काढायचे आणि मग गाय शेतात शिरली म्हणून तिला कोंडवाड्यात घालायचे, असा हा न्याय.

*

दिल्लीत हे सगळे याआधी, आणि फारशी चर्चा न होता घडून गेले. नव्या दिल्लीची आखणी झाली ती मोटार डोळ्यांपुढे ठेवून. ल्युटेन्सच्या रुंद रस्त्यांवर सिग्नल नव्हते, गोल चक्कर होते. गोल चक्कर म्हणजे सतत सरकणाऱ्या, वळणाऱ्या वाहनांचा चौक. सुकाणू नसलेल्या गाडीला तिथे जागा नाही. ट्रामचे रूळ जुन्या शहरात आणि त्याच्या लगतच राहिले. एकाच दिल्लीत चौकांचे दोन प्रकार झाले: एकात सगळ्यांनी ट्रामसाठी सरकायचे, दुसऱ्यात ट्रामच नाही. नवी दिल्ली १९३१ मध्ये समारंभाने सुरू झाली. शहराने कोणता चौक निवडला ते तेव्हाच स्पष्ट झाले होते.

मग १९४७ आले. फाळणीनंतर लाखो निर्वासित दिल्लीत आले. १९५१ च्या जनगणनेत वस्ती साडेसतरा लाखांच्या आसपास गेली आणि १९६१ मध्ये साडेसव्वीस लाखांच्या वर. जुन्या शहराच्या फुटपाथांवर, चौकांत, तटाच्या कडेला नवे गाळे उभे राहिले. ज्यांचे सर्वस्व गेले होते त्यांनी जगण्यासाठी रस्त्याचा आधार घेतला. याच काळात, १९५१ मध्ये, चाँदनी चौकातले घंटाघर कोसळले. रस्ता तेवढाच, त्यावरची माणसे चौपट, आणि मधून पन्नास वर्षांपूर्वीची गाडी. १९६३ मध्ये दिल्लीची ट्राम बंद झाली. पुढच्या वर्षी मुंबईची. मद्रासची १९५३ मध्ये, कानपूरची तर १९३३ मध्येच गेली होती. सगळीकडे कारण जवळपास एकच दिले गेले: कोंडी.

कोंडी हे कारण खोटे नव्हते. पण ते अर्धेच होते. मुंबईच्या वाटेवर पाहा: १८७४ मध्ये घोड्यांची ट्राम आली तेव्हा कंपनीच्या तबेल्यात नऊशे घोडे होते. १९०७ मध्ये वीज आली, १९२० मध्ये दुमजली गाड्या आल्या. १९२६ मध्ये बस सुरू झाली आणि १९४७ च्या ऑगस्टमध्ये हा सगळा कारभार महानगरपालिकेकडे आला. बस ही ट्रामची धाकटी बहीण म्हणून आली आणि थोरलीच्या जागी बसली, कारण तिला एक गोष्ट येत होती जी थोरलीला येत नव्हती. तिला बगल देता येत होती. रस्त्यात मोटार उभी राहिली तर बस वळसा घालून जाते. ट्राम मागे रांग लावून घंटा वाजवत राहते. चुकीच्या जागी मोटार उभी करणारा माणूस एक, थांबलेले प्रवासी साठ. तरी ‘अडथळा’ हे नाव ट्रामला पडले. शहरांनी निवड केली ती अशी: जो वाट सोडू शकत नाही, त्यालाच वाटेवरून काढून टाकायचे.

*

रूळ आणि रस्ता यांची भेट दिल्लीच्या आसपास आणखी एका ठिकाणी होत होती. यमुनेपलीकडे शाहदऱ्याहून सहारनपूरला जाणारी अडीच फुटी रुळांची लाइट रेल्वे १९०७ मध्ये, म्हणजे ट्रामच्या एक वर्ष आधी, मार्टिन कंपनीने सुरू केली. ती १९७० पर्यंत चालली. आपल्याकडच्या बार्शी लाइटची ही उत्तरेतली भावंडच. १८९७ मध्ये सुरू झालेली कॅल्थ्रॉपची बार्शी रेल्वेही अडीच फुटीच होती. अशा गाड्यांचा वेग बेताचा. गावाजवळ, शेताच्या बांधाशी, बैलगाडीच्या वाटेवर त्या रस्त्याला छेदत. जिथे फाटक नाही, चौकीदार नाही, तिथे कोणी थांबायचे?

याचे उत्तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १३१ व्या कलमात फार चित्रमय आहे. बिनफाटकाच्या रेल्वे क्रॉसिंगपाशी चालकाने गाडी थांबवायची. गाडीत कंडक्टर, क्लीनर किंवा दुसरे कोणी असेल तर त्याला उतरवून रुळांपर्यंत चालत जायला लावायचे. दोन्ही बाजूंनी आगगाडी किंवा ट्रॉली येत नाही हे त्याने पाहायचे आणि मगच गाडी पुढे घ्यायची. गाडीत दुसरे कोणी नसेल तर चालकाने स्वतः उतरून पाहायचे. म्हणजे कायद्याने सगळे ओझे रस्त्यावरच्या माणसावर टाकले. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, केरळमधल्या अशाच एका क्रॉसिंगवरच्या अपघाताच्या खटल्यात, या समजुतीला तडा दिला. जिथे धोका ठाऊक आहे तिथे काळजी घेण्याचे कर्तव्य रेल्वेचेही आहे, आणि भरपाईचा दावा रेल्वेविरुद्धही मोटार अपघात न्यायाधिकरणात चालू शकतो, असे न्यायालयाने म्हटले. जानेवारी २०१९ पर्यंत देशातल्या ब्रॉडगेजवरची सगळी बिनचौकीदाराची फाटके संपवली गेली. कुठे चौकीदार आला, कुठे पूल, कुठे भुयारी वाट. ज्या भेटीत नेहमी एकच बाजू मरत होती, ती भेट राज्याने आपल्या खर्चाने टाळली.

*

शहरात मात्र भेट टाळण्याचा खर्च फार मोठा. दिल्लीने तोही केला. डिसेंबर २००२ मध्ये शाहदरा ते तीस हज़ारी मेट्रो सुरू झाली, आणि २००५ मध्ये ती चाँदनी चौक आणि चावडी बाज़ारच्या खालून गेली. मेट्रो चौकात कोणाला भेटतच नाही. ती खांबांवरून जाते किंवा भुयारातून. टक्कर संपवण्याचा हा सर्वांत खात्रीचा उपाय आहे आणि सर्वांत महागही. शिवाय त्यात एक न बोललेली तडजोड आहे: रस्ता जसा आहे तसा मोटारींकडे राहू द्यायचा. कोणाला काही सोडावे लागत नाही. फक्त मेट्रोने जाणाऱ्याला जिने चढावे-उतरावे लागतात.

ही तडजोड न करता काय होते, ते दिल्लीने २००८ मध्ये पाहिले. आंबेडकर नगर ते मूलचंद या ५.८ किलोमीटरच्या रस्त्याच्या मध्यावर बससाठी राखीव मार्गिका काढली गेली. तांत्रिकदृष्ट्या ती रूळ नसलेली ट्रामच होती: रस्त्याच्या मध्यावरून जाणारी, चौकात सगळ्यांना छेदणारी. चौकांतले सिग्नल लांबले, मोटारींच्या रांगा लांबल्या, वृत्तपत्रांत रोज रागाची पत्रे. मोटारी बसच्या मार्गिकेत शिरत. २०१२ मध्ये ही राखीव मार्गिका मोडण्याची मागणी करणारी याचिका दिल्ली उच्च न्यायालयाने फेटाळली. तरी २०१६ मध्ये ती उखडली गेलीच. तिच्यात दोष होते, त्यांविषयी प्रामाणिक वाद होऊ शकतो. पण चौकात मोटारीने बससाठी थांबावे ही कल्पना शहराच्या मनाने स्वीकारली नाही, हेही तितकेच खरे.

आणि आता हा प्रश्न पुन्हा येऊ घातला आहे. २०१९ मध्ये केंद्रीय गृहनिर्माण व नागरी व्यवहार मंत्रालयाने ‘मेट्रोलाइट’ या स्वस्त, हलक्या रेल्वेचे मापदंड जाहीर केले. तीन छोटे डबे, तीनशेच्या आसपास प्रवासी, कमाल वेग ताशी साठ किलोमीटर, आणि शक्य तिथे रस्त्याच्याच पातळीवर, दोन्ही बाजूंना कुंपण घातलेली वाट. दिल्लीत कीर्तिनगर ते द्वारका असा मार्ग सुचवला गेला. कुंपण आहे, म्हणजे ट्रामचा जुना समतल रुळाचा शाप नाही. पण कुंपण चौकात तुटतेच. तिथे पुन्हा तेच दोघे समोरासमोर: ज्याला वळता येत नाही तो, आणि ज्याला थांबायची सवय नाही तो.

जगभरच्या अनुभवातून या चौकाविषयी एक गोष्ट कळली आहे. धडक बहुतेकदा समोरून किंवा आडवी येणाऱ्या मोटारीशी होत नाही. ती होते त्याच दिशेने, शेजारून जाणाऱ्या मोटारीशी. रूळ रस्त्याच्या मध्यावर, मोटार त्याच्या डावीकडून चाललेली. चालकाला उजवीकडे वळायचे असते. तो समोरून येणाऱ्या गाड्यांवर डोळा ठेवतो, फट दिसली की वळतो. आणि पाठीमागून, खांद्याच्या आडून आलेली ट्राम त्याच्या दारावर येते. अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरात जानेवारी २००४ मध्ये लाइट रेल सुरू झाली, तेव्हा अशा टकरी इतक्या झाल्या की गाडीला टोपणनावे पडली. तिकडे रस्त्याची बाजू उलट, म्हणून वळण डावीकडचे. बाकी गोष्ट तीच. मेलबर्नने यावर फार जुना आणि जवळजवळ फुकटचा उपाय केला आहे. शहराच्या मध्यभागातल्या ठरावीक चौकांत उजवीकडे वळायचे असेल तर मोटारीने आधी अगदी डावीकडे जाऊन थांबायचे, आडव्या रस्त्याचा दिवा हिरवा होईपर्यंत वाट पाहायची आणि मग वळायचे. रूळ मोकळा राहतो. परक्या माणसाला हे चमत्कारिक वाटते. पण त्यात पूल नाही, भुयार नाही. आहे ते एवढेच, की मोटारीने अर्धा मिनिट थांबायचे कबूल केले आहे.

*

सप्टेंबर २०२१ मध्ये चाँदनी चौकाचे नवे रूप खुले झाले. लाल दगडाची फरसबंदी, बसायला बाक, आणि सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारींना बंदी. या रस्त्यावर ट्राम परत आणावी, अशी कल्पनाही गेल्या काही वर्षांत अधूनमधून मांडली गेली आहे. लोकांना त्यात जुन्या दिवसांची हौस दिसते. मला त्यात हौसेपेक्षा एक परीक्षा दिसते.

कारण ट्रामला चौकातून जायचे तर चौकाने तिला होकार द्यावा लागतो. यंत्र कितीही नवे आले, ब्रेक कितीही चांगले झाले, तरी पोलादावरचे पोलाद घसरायचेच. बाजूला होण्याची क्षमता ज्याच्याकडे आहे त्यानेच बाजूला व्हायचे, हा जुन्या बाजाराचा नियम होता. ओझेवाल्या हमालासाठी मोकळ्या हाताचा माणूस आजही हौज़ क़ाज़ीत सरकतोच. मोटार आली तेव्हा हा नियम उलटला. ज्याला सहज थांबता येते त्याने थांबणे सोडले, आणि ज्याला थांबता येत नाही त्याला आपण आधी अडथळा म्हटले, मग बंद केले, मग जमिनीखाली पाठवले.

हौज़ क़ाज़ीच्या चौकात मेट्रोचा जिना वर येतो तिथे संध्याकाळी उभे राहावे. खालून शेकडो माणसे वर येतात, क्षणभर डोळे बारीक करतात आणि रस्ता ओलांडायला हात पुढे करतात. तो हात म्हणजे सिग्नल नव्हे, हक्कही नव्हे. ती एक विनंती असते. दिल्लीच्या चौकात सध्या वाट मिळते ती अशी.